नारू : एका पायाच्या रोगाचा इतिहास

कांहीं रोगांचा इतिहास त्यांच्या नांवांतच सांठविलेला असतो. 'नारू' हा शब्द असाच आहे. संस्कृतांतील 'स्नायु' या शब्दाचें पालींत 'नहारु' झालें, प्राकृतांत 'ण्हारु' झालें, आणि तेंच रूप झिजत झिजत मराठींत 'नारू' होऊन बसलें. स्नायु म्हणजे शरीरांतील तांत, दोरीसारखा तंतु. आयुर्वेदाच्या मध्ययुगीन ग्रंथांत या रोगाला 'स्नायुक' असें म्हटलें आहे. अरबी वैद्यांनीं त्याला 'मदिनेची शीर' म्हटलें. बुखाऱ्याच्या लोकांनीं 'रिश्ता', म्हणजे दोरा, हें नांव दिलें. एकमेकांची भाषा न जाणणाऱ्या समाजांनीं एकच वस्तु पाहिली आणि तिला जवळजवळ एकच नांव दिलें. माणसाच्या पायांतून एक पांढरा, लांबच लांब दोरा बाहेर येत आहे, असें तें दृश्य होतें.

श्रोत्यांपैकीं ज्यांचें बालपण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीं एखाद्या कोरडवाहू खेड्यांत गेलें असेल, त्यांनीं हें दृश्य कदाचित् प्रत्यक्ष पाहिलें असेल. बाकीच्यांना हा शब्दच अपरिचित वाटेल. जो रोग निदान तीन हजार वर्षें माणसाच्या पायांना डसत आला, तो आपल्या देशांत १९९६ सालीं शेवटचा दिसला. आणि तो घालविण्याकरितां ना कोणतें औषध सांपडलें होतें, ना कोणती लस. हें कसें घडलें, तें आज सांगावयाचें आहे.

प्रथम रोगाचें स्वरूप पाहूं. नारूची मादी शेवईएवढी जाड आणि ७० सेंटिमीटरपासून एक मीटरपर्यंत लांब असते. नर केवळ तीन-चार सेंटिमीटरांचा असतो व तो शरीरांतच लवकर मरून जातो. मादी त्वचेखालून हळूहळू सरकत खालीं येते. पोटांत गेल्यापासून बाहेर पडेपर्यंत तिला सुमारें एक वर्ष लागतें, आणि या वर्षभरांत आपल्या शरीरांत कांहीं वाढत आहे याची रोग्याला जाणीवही नसते. मग एके दिवशीं अंगावर गांधी उठतात, किंचित् ताप येतो, आणि घोट्यावर, पावलावर किंवा नडगीच्या कडेला एक फोड दिसूं लागतो. दहांतील आठ-नऊ रोग्यांत तो पायावरच येतो. फोडाच्या जागीं निखारा ठेवल्यासारखी आग होते. ती शमविण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे पाय थंड पाण्यांत बुडविणें. रोगी तेंच करतो. आणि पाण्याचा स्पर्श होतांच फोड फुटून मादी आपलीं लाखों पिलें दुधासारख्या द्रवांतून पाण्यांत सोडून देते. रोग्याला ज्या क्षणीं बरें वाटतें, त्याच क्षणीं गांवचें पाणी दूषित होतें. या रोगाचा सारा इतिहास या एका घटनेभोंवतीं फिरतो.

नारूनें माणूस सहसा मरत नसे. म्हणूनच मृत्यूच्या आंकड्यांवर दृष्टि ठेवणाऱ्या दप्तरांत त्याला पटकी, प्लेग किंवा देवी यांच्या पंक्तीचें स्थान कधीं मिळालें नाहीं. परंतु जगूं देणारा रोग थोडा त्रास देतो असें समजण्याचें कारण नाहीं. आपल्याकडे उन्हाळ्याच्या अखेरीस विहिरींचें पाणी तळाशीं जाई, गाळ वर येई, आणि सारा गांव त्याच उरलेल्या पाण्यावर तहान भागवी. तेव्हां प्यालेलें पाणी बरोबर एक वर्षानें, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यांत किंवा पहिल्या पावसाच्या सुमारास, पायांतून बाहेर पडे. नांगरणी, पेरणी, खुरपणी यांची नेमकी हीच वेळ. ज्याच्या घोट्यांतून नारू निघाला आहे, त्याला चार-सहा आठवडे बांधावर उभेंही राहतां येत नसे. आणि एकाच घरांतील तिघे-चौघे एकाच वेळीं अंथरुणाला खिळले, म्हणजे त्या वर्षाचें शेत पडीक राहिलेंच. आफ्रिकेंतील माली देशांत डोगोन लोक या रोगाला 'रिकाम्या कोठाराचा रोग' म्हणत असत, तें याच कारणानें.

या रोगाची प्राचीनता विलक्षण आहे. इंग्लंडमध्यें मँचेस्टर येथील संग्रहालयांत १७७० या क्रमांकाची एक इजिप्ती ममी आहे. ती तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलीची. १९७५ सालीं ही ममी उलगडून तिची परीक्षा करण्यांत आली, तेव्हां क्ष-किरणांत तिच्या पोटाच्या भिंतींत चुन्यासारखा कठीण झालेला नारूचा नर दिसला. त्या मुलीच्या पायांचे खालचे भाग ममींत नव्हतेच. ते नारूनेंच गेले असें म्हणावयास पुरावा नाहीं. तथापि हें दृश्य विचार करावयास लावणारें आहे. इ. स. पूर्वीं सुमारें १५५० मध्यें लिहिलेल्या व ईबर्स या नांवानें प्रसिद्ध असलेल्या पपायरसांत एका सुजेवरील उपचार सांगितला आहे. तो नारू बाहेर काढण्याचाच असावा, असें अनेक अभ्यासकांचें मत आहे. इ. स. पूर्वीं दुसऱ्या शतकांतील अगाथार्किदीस या ग्रीक लेखकानें तांबड्या समुद्राकांठच्या लोकांविषयीं असें लिहिलें होतें कीं, त्यांच्या हातापायांतून लहान साप डोकावतात, आणि हात लावतांच पुन्हां मांसांत शिरून असह्य दाह करतात. पुढें गेलन या विख्यात वैद्यानें, स्वतः हा रोग न पाहतांच, त्याला सर्पावरून नांव दिलें. आजच्या शास्त्रीय नांवांतही तो सर्प कायम आहे.

या इतिहासांत बुखारा शहराचें नांव वारंवार येतें. त्या शहरांत पिण्याचें पाणी पायऱ्यांनीं बांधलेल्या हौदांतून येई. वैद्यकशास्त्राचा महान् ग्रंथकार इब्न सीना हा बुखाऱ्याजवळच्याच एका खेड्यांत इ. स. ९८० च्या सुमारास जन्मला. त्यानें या रोगाचें व त्यावरील उपचाराचें सविस्तर वर्णन केलें आहे. १५५८ सालीं अँथनी जेन्किन्सन नांवाचा इंग्रज व्यापारी बुखाऱ्यास पोंचला. तेथील पाणी पिणाऱ्यांच्या पायांत हातभर लांबीचा किडा होतो, आणि वैद्य तो रोज थोडा थोडा मोठ्या कौशल्यानें ओढून काढतात, असें त्यानें नमूद केलें. १८३२ मध्यें अलेक्झांडर बर्न्स हा तेथें गेला, तेव्हांही रिश्ता त्या शहरांत नांदतच होता. आठशें वर्षांच्या अंतरानें लिहिणारे हे लोक एकाच पाण्याच्या कांठीं एकच रोग पाहत होते.

उपचारही सर्वत्र एकच होता, आणि तो आजतागायत बदललेला नाहीं. फोड फुटून किड्याचें टोंक दिसूं लागलें कीं तें एका लहानशा काडीला गुंडाळावयाचें, आणि दररोज बोट-दोन बोटें, जेवढें सुखानें येईल तेवढेंच, बाहेर ओढून काडीला वळसा द्यावयाचा. ओढ लागतांच थांबावयाचें. सारा किडा बाहेर येण्यास कधीं आठवडा लागे, कधीं कित्येक आठवडे. ग्रीकांच्या वैद्यदेवतेच्या हातांतील सर्प गुंडाळलेला दंड, जो आजही डॉक्टरांचें चिन्ह म्हणून मिरवतो, तो मुळांत ही नारूची काडी असावी, असा एक तर्क आहे. तो सिद्ध झालेला नाहीं; परंतु ज्यानें ही काडी एकदां पाहिली, त्याला तो अगदींच वेडगळ वाटणार नाहीं.

या उपचारांत उतावळेपणाची शिक्षा फार कठोर होती. किडा अर्ध्यांत तुटला, तर उरलेला भाग आंत आंखडे व त्यांतील द्रव मांसांत पसरे. सारी पोटरी सुजून टणक होई, पू धरे, जखमेंत माती गेली असल्यास धनुर्वात होण्याचें भय असे. घोट्याचा किंवा गुडघ्याचा सांधा धरला, तर माणूस जन्माचा लंगडा होई. म्हणून जाणत्या माणसांच्या रीती ठरलेल्या होत्या: आग शमविण्यासाठीं ओली पट्टी किंवा पोटीस, जखमेवर स्वच्छ फडकें, पायाला विश्रांति, आणि ओढाओढीची सक्त मनाई. आधुनिक वैद्यकानें यांत जखम जंतुनाशकानें धुणें, धनुर्वाताची लस टोंचणें, वेदनाशामक देणें व जरूर तर दुय्यम जंतुसंसर्गावर औषध देणें, एवढीच भर घातली. किड्याला आंतल्या आंत मारणारें औषध अद्याप नाहीं. एकदां नारू होऊन गेला म्हणून पुन्हां होत नाहीं, असेंही नाहीं. शरीर त्याच्याविरुद्ध कांहींच शिकत नाहीं. म्हणून पुढच्या उन्हाळ्यांत त्याच माणसाला तोच भोग पुन्हां भोगावा लागे. आजही ज्यांना मधुमेह आहे, किंवा ज्यांच्या पायांना संवेदना कमी आहे, अशांच्या पायांवरील जखमेला हेच नियम लागू पडतात: रोज पाहणी, स्वच्छता, कोरडी पट्टी, विश्रांति आणि घरगुती शस्त्रक्रियेचा मोह टाळणें.

काढावयाचा कसा, हें माणसाला तीन हजार वर्षांपूर्वीं समजलें; तो येतो कोठून, हें समजण्यास मात्र एकोणिसावें शतक उजाडावें लागलें. तोंपर्यंत मतमतांतरांचा नुसता गोंधळ होता. कोणी म्हणे ही शीर आहे, कोणी म्हणे मज्जातंतु, कोणी दूषित रक्ताची गांठ म्हणे. १७५८ मध्यें लिनियस यानें त्याला प्राण्यांच्या यादींत जागा दिली, तरी तो शरीरांत शिरतो कसा हा प्रश्न उरलाच. आपल्या मुंबईंत कंपनीच्या सैन्याचे वैद्य हेन्री जॉन कार्टर हे उत्तम निरीक्षक होते. तळ्यांच्या पाण्यांत सूक्ष्म कृमि दिसतात आणि तळ्यांत उतरणाऱ्यांना नारू होतो, हें पाहून कृमि त्वचेंतून शिरत असावेत, असें अनुमान त्यांनीं १८५० नंतरच्या दशकांत मांडलें. अनुमान साहजिक होतें. किडा पायांतून निघतो, पाय पाण्यांत जातो, तेव्हां तो पायांतूनच शिरत असेल, असें कोणासही वाटावें. पाण्यांत उतरणारा माणूस तेंच पाणी पितोही, ही गोष्ट त्यामुळें नजरेआड झाली.

कोडें सुटलें तें पुन्हां मध्य आशियांतच. अलेक्सी फेडचेंको या तरुण रशियन शास्त्रज्ञानें समरकंदच्या परिसरांत काम करतांना १८७० च्या सुमारास असें पाहिलें कीं, नारूचीं पिलें पाण्यांतील सायक्लॉप्स नांवाच्या एका अतिशय लहान जीवांत शिरतात व तेथें वाढतात. सायक्लॉप्स हा कोळंबीच्या जातकुळीचा, एक-दोन मिलिमीटर लांबीचा प्राणी. पेला उजेडासमोर धरला तर डोळ्यांनाही हलतांना दिसेल, न दिसेल असा. पाण्याबरोबर असा सायक्लॉप्स गिळला गेला, म्हणजे माणसाला नारू होत असावा, असें फेडचेंकोचें मत झालें. परंतु कुत्र्यामांजरांवर केलेले त्याचे प्रयोग फसले, आणि १८७३ मध्यें आल्प्स पर्वतांतील माँ ब्लांवर चढतांना त्याचा अकालीं अंत झाला.

त्याच्या मताला सबळ आधार मिळण्यास आणखी तीस वर्षें जावीं लागलीं. १९०५ सालीं रॉबर्ट लायपर यांना लंडनहून आफ्रिकेंतील गोल्ड कोस्टवर, म्हणजे आजच्या घाना देशांत, पाठविण्यांत आलें. जठरांतील रसाएवढें सौम्य आम्ल पाण्यांत मिसळलें, तर सायक्लॉप्स मरतो, पण त्याच्या पोटांतील नारूचीं पिलें उलट चपळ होऊन बाहेर पडतात, हें त्यांनीं दाखविलें. मग एका माकडाला केळ्यांतून दूषित सायक्लॉप्स चारले, आणि सहा महिन्यांनीं त्याच्या शरीरांत नारू सांपडले. पुढें पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईंत परळच्या जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळेंत, जिला १९२५ पासून हाफकिन यांचें नांव मिळालें, डॉ. तर्खड यांनींही या विषयावर महत्त्वाचे प्रयोग केले. आतां वर्तुळ पूर्ण झालें. पायांतून पाण्यांत, पाण्यांतून सायक्लॉप्समध्यें, तेथें सुमारें दोन आठवडे, मग घोटाबरोबर माणसाच्या पोटांत, आणि वर्षानें पुन्हां पायांत.

हें वर्तुळ ज्या एका वास्तूंत अगदीं बिनबोभाट पुरें होत असे, ती आपल्या देशाच्या शिल्पकलेचें भूषण आहे. ती म्हणजे पायऱ्यांची विहीर. आपण जिला बारव म्हणतों. दख्खनच्या कोरड्या मुलुखांत पाणी खोल जातें, म्हणून पाण्यापर्यंत उतरावयाच्या पायऱ्या बांधल्या. रचना सुंदर, हेतु उदात्त. परंतु घागर बुडविणारी बाई शेवटच्या पायरीवर घोटाभर पाण्यांत उभी राहते, आणि त्याच पाण्यांतून तिची घागर भरते. तिच्या घोट्यावर फोड असेल, तर त्याची आग तेथेंच शमते. गांवांतील शेंकडों माणसें पुढचें वर्षभर त्या एका पायाचें देणें फेडीत राहतात. त्या बाईला यांतील कांहींही माहीत नसतें. नारू हा अस्वच्छ माणसांचा रोग होता, असें म्हणणें म्हणूनच अन्यायाचें आहे. जी आंघोळ करून, सोवळ्यानें पाणी भरीत असे, तिच्याही हातून तो पसरत होता. धर्मदृष्ट्या पवित्र पाणी आणि आरोग्यदृष्ट्या शुद्ध पाणी हीं दोन निराळीं असूं शकतात, हें या रोगानें शिकविलें.

याच ठिकाणीं आणखी एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. गांवच्या चांगल्या विहिरीवर ज्यांना जन्मामुळें मज्जाव होता, त्यांना ओढ्यांतील डबक्यावर किंवा गुरांच्या तळ्यावर तहान भागवावी लागत असे. २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनीं व त्यांच्या हजारों अनुयायांनीं ओंजळभर पाणी प्राशन केलें, तें मनुष्यत्वाच्या हक्कासाठीं. परंतु ज्याला पाणी निवडण्याचा अधिकार नाहीं, त्याला पाण्यापासून होणारा रोगही नाकारतां येत नाहीं, हा त्या लढ्याचा दुसरा अर्थ आरोग्याच्या इतिहासकारानें विसरूं नये.

एकदां मार्ग कळला, तेव्हां उपायही कळला. वर्तुळ एका ठिकाणीं तोडलें कीं पुरे. बुखाऱ्यांत लिओनिद इसायेव यांच्या नेतृत्वाखालीं १९२३ पासून जुने हौद उपसून बुजविण्यांत आले, रोगी शोधून त्यांची शुश्रूषा करण्यांत आली, नळाचें पाणी आणलें गेलें. आणि १९३१-३२ पर्यंत इब्न सीनाच्या गांवचा हा पुरातन रोग तेथून हद्दपार झाला. आपल्याकडे १९३० नंतरच्या दशकांत म्हैसूर संस्थानच्या चितळदुर्ग जिल्ह्यांत डॉ. मूर्ति व डॉ. स्वीट यांनीं पायऱ्यांच्या विहिरींत सायक्लॉप्स खाणारे लहान मासे सोडून पाहिले, व त्याचा गुण आला. मुंबई शहराची कथा याहून सरळ आहे. १८६० सालीं विहार तलावाचें नळाचें पाणी शहरांत आलें, मग तुळशीचें, मग १८९२ मध्यें तानशाचें. जुनीं तळीं निरुपयोगी होऊन एकामागून एक बुजविलीं गेलीं. आज आपण धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक येथें जातों, पण पाणी कोठेंच दिसत नाहीं. नांवें तेवढीं राहिलीं आहेत.

खेड्यांना मात्र नळासाठीं फार वाट पाहावी लागली. त्यांच्या मदतीला प्रथम आला तो हापसा. या हापशाचा महाराष्ट्राशीं असलेला संबंध फारसा कोणाला ठाऊक नाहीं. विंधनविहिरींवर बसविण्यासाठीं परदेशांतून आलेले ओतीव लोखंडाचे पंप एका कुटुंबाच्या वापराकरितां केलेले असत. गांवाच्या वापराखालीं ते महिन्या-दोन महिन्यांत मोडत. जालना व सोलापूर येथील मिशनच्या कार्यशाळांतून काम करणाऱ्या मंडळींनीं त्यांत सुधारणा करून मजबूत पंप बनविले. यांपैकीं 'सोलापूर पंप' हाच पुढें १९७० नंतरच्या दशकांत युनिसेफच्या साहाय्यानें तयार झालेल्या 'इंडिया मार्क दोन' या हातपंपाचा मूळ नमुना होय. १९७२ च्या भीषण दुष्काळांत महाराष्ट्रांत विंधनविहिरी खोदण्याच्या कामाला वेग आला. हापशाच्या पाण्यांत कोणाचाच पाय बुडत नाहीं. नारूचा मार्ग तेथें आपोआप बंद होतो.

१९८०-८१ मध्यें जगांत पाणी व स्वच्छता यांचें आंतरराष्ट्रीय दशक सुरू झालें, आणि त्याच सुमारास भारतानें नारूच्या निर्मूलनाचा विचार हातीं घेतला. १९८३-८४ मध्यें राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याचें सूत्रचालन दिल्लीच्या राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेकडे होतें. देवीचें निर्मूलन नुकतेंच झालें होतें, व घरोघर जाऊन रोगी शोधण्याची पद्धति अंगवळणीं पडली होती. १९८४ च्या मोजणींत महाराष्ट्र, राजस्थान, मध्यप्रदेश, गुजरात, कर्नाटक, आंध्रप्रदेश व तामिळनाडु या ७ राज्यांतील ८९ जिल्ह्यांत व १२,८४० गांवांत मिळून सुमारें ४०,००० रोगी आढळले.

काम तीन प्रकारचें होतें. पहिलें, पायऱ्यांच्या विहिरींना कठडे बांधून व पायऱ्या बंद करून त्यांच्या रहाटाच्या विहिरी करणें, आणि हापसे बसविणें. दुसरें, जेथें तें जमत नाहीं, तेथें सायक्लॉप्स मारणारें, पण माणसाला अपाय न करणारें टेमेफॉस नांवाचें औषध योग्य प्रमाणांत पाण्यांत सोडणें. तिसरें व सर्वांत अवघड, लोकांची समजूत घालणें: पाणी दुपदरी कापडानें गाळून प्या, आणि पायाला फोड असेल तर पाण्यांत उतरूं नका. पाणी गाळण्याची चाल आपल्याकडे नवी नव्हती. जैन घरांत ती नित्याची आहे, आणि मनुस्मृतींतही यतीला वस्त्रगाळ पाणी पिण्यास सांगितलें आहे. जीवहिंसा टळावी म्हणून घातलेल्या त्या नियमानें जीव वाचविण्याचेंही काम होत होतें. तरी अडचणी थोड्या नव्हत्या. हापशाच्या पाण्याला लोखंडाची चव येते, अशी तक्रार असे. वडिलार्जित बारवेला कुलूप लावणें कित्येकांना अपमानास्पद वाटे. अनेक ठिकाणीं पाण्याच्या पेल्यांतील सायक्लॉप्स भिंगांतून प्रत्यक्ष दाखविल्यावरच कापड घागरीच्या तोंडावर चढलें. दक्षिण राजस्थानांत तर गांवच्या स्त्रियांनाच हापसे दुरुस्त करावयास शिकविण्यांत आलें; पाणी भरण्याचा भार ज्यांच्या डोक्यावर, पान्हाही त्यांच्याच हातीं आला.

रोग्यांची संख्या वर्षावर्षानें घटत गेली. शेवटीं शेवटीं एकेका रोग्याचा शोध हें मोठें काम होऊन बसलें. खबर देणाऱ्यास बक्षीस लावण्यांत आलें. जुलै १९९६ मध्यें राजस्थानांतील जोधपूर जिल्ह्यांत भारतांतील शेवटचा रोगी नोंदला गेला. त्यानंतर तीन वर्षें डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवण्यांत आली, आणि फेब्रुवारी २००० मध्यें भारत नारूमुक्त झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें प्रमाणित केलें.

जगाची कथा अद्याप पुरी झालेली नाहीं. १९८६ मध्यें आफ्रिका व आशिया मिळून सुमारें ३५ लाख लोकांना दरवर्षीं नारू होत असावा असा अंदाज होता. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनीं त्या वर्षापासून हें काम आपलें मानलें. १९९५ मध्यें सुदानांतील यादवी युद्धांत त्यांनीं जवळजवळ सहा महिने युद्धविराम घडवून आणला, तो आरोग्यसेवकांना नारूग्रस्त खेड्यांपर्यंत पोंचतां यावें म्हणून. शेवटचा नारू आपल्या आधीं मरावा, अशी इच्छा त्यांनीं बोलून दाखविली होती. २९ डिसेंबर २०२४ रोजीं त्यांचें निधन झालें. त्या वर्षीं साऱ्या जगांत अवघे १५ मानवी रोगी नोंदले गेले. इच्छा थोडक्यांत हुकली. चाड देशांत २०१२ पासून कुत्र्यांनाही नारू मोठ्या प्रमाणांत होतो असें दिसून आल्यामुळें हें शेवटचें पाऊल जड झालें आहे. तेथें कुत्रे बांधून ठेवणें आणि माशांचीं आंतडीं पुरून टाकणें, हे नवे नियम लोकांना शिकवावे लागत आहेत.

आज महाराष्ट्रांत अनेक गांवीं तरुण मंडळी जुन्या बारवा गाळ काढून स्वच्छ करीत आहेत, त्यांच्या पायऱ्यांवर दिवे लावीत आहेत. हें काम स्तुत्य आहे, आणि तें व्हावें. परंतु एखाद्या बारवेच्या पायऱ्या मध्येंच भिंत घालून बंद केलेल्या दिसल्या, किंवा कांठावर एक ओबडधोबड कठडा व रहाट उभा दिसला, तर आपल्या शिल्पाची कोणी विटंबना केली, असा निष्कर्ष काढण्यापूर्वीं गांवांतील वृद्धांना विचारून पाहावें. बहुधा तो कठडा नारूच्या सालांतला असेल. आणि विचारणाऱ्याला उत्तर देतांना एखादी आजी आपल्या घोट्यावरचा जुना वण दाखवील.